चांदीपुरा : नाव आणि लस ह्यांमधील अंतर

माळव्यातील मराठी संस्थानांचा इतिहास लिहिताना आपले लक्ष सहजच सनदा, वाटण्या, तह आणि लढाया ह्यांच्याकडे जाते. धारचे पवार, देवासच्या थोरल्या व धाकट्या पातींचे पवार आणि इंदूरचे होळकर ह्या घराण्यांविषयी आपल्या अभ्यासकांनी पुष्कळ परिश्रम केले आहेत, आणि ते योग्यच झाले. परंतु राजवाडा आणि झोपडी ह्यांत ज्यांनी कधी भेद मानला नाही, त्या साथीच्या रोगांचा इतिहास मात्र आपण वैद्यांवर व डॉक्टरांवर सोपवून मोकळे झालो. वस्तुतः तो समाजाचाच इतिहास आहे, आणि त्याच्या खुणा आपल्या भाषेत ठायी ठायी उमटलेल्या आहेत.

देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवींची स्थाने आहेत. लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. हिंदी मुलखात हीच दोन नावे दोन रोगांचीही आहेत : देवी म्हणजे बडी माता आणि कांजिण्या म्हणजे छोटी माता. मराठीने तर रोगाला सरळ 'देवी' हेच नाव दिले. अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' आणि दंडावर टोचले की 'देवी काढल्या', असा आपला वाक्प्रचार आहे. गावोगाव फिरून टोचणाऱ्या सरकारी नोकराला लोक 'देवीचा डॉक्टर' म्हणत. शीतळासप्तमीला चूल न पेटवता शिळे, थंड अन्न खाण्याची माळव्यातील प्रथा ह्याच भयातून आलेली आहे. ह्या गोष्टींची अंधश्रद्धा म्हणून संभावना करणे सोपे आहे. परंतु ज्याच्यावर आपले काहीच चालत नाही, त्याला निदान एक नाव द्यावे आणि त्या नावाने त्याची विनवणी करावी, हा मनुष्याचा पहिला प्रयत्न असतो. विज्ञानाची सुरुवातही नाव देण्यापासूनच होते.

मात्र नाव मिळाले की उपाय फार दूर नाही, अशी जी आपली समजूत असते, तिला इतिहासाचा आधार नाही. रोग ओळखणे आणि त्यावरची लस मुलाच्या दंडापर्यंत पोचणे ह्यांमध्ये किती काळ जातो, आणि तो कशामुळे लांबतो वा आखूड होतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी मी नागपूरच्या परिसरातील एका वस्तीचे नाव धारण करणारा विषाणू निवडला आहे. त्याचा शोध मराठी मुलखात लागला, त्याचा अभ्यास पुण्यात झाला, आणि त्याचे भय आज आपल्या धार-झाबुआच्या पश्चिमेस येऊन ठेपले आहे.

प्रथम एका उलट उदाहरणाकडे पाहू. देवीच्या बाबतीत उपाय आधी आला आणि कारण नंतर कळले. इ. स. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर ह्याने गाईंच्या देवीच्या फोडांतील द्राव मुलाला टोचून देवीपासून संरक्षण मिळते असे दाखविले, तेव्हा विषाणू नावाची वस्तू जगात आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. जखमेतून पाझरणाऱ्या पातळ, चिकट द्रावाला मराठीत लस म्हणतात. पुढे टोचण्याच्या औषधालाच आपण जे हे नाव दिले, त्यात त्या प्रारंभीच्या काळाची आठवण टिकून आहे. हा द्राव बगदाद आणि बसरा ह्या मार्गाने, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर असा जिवंत ठेवीत, मुंबईस पोचला आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आला. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. तिच्या दंडावरील लस पुढे पुणे, सुरत, हैदराबाद अशा ठिकाणी गेली.

तो काळ आपल्या वाचकांना चांगला परिचित आहे. त्याच वर्षी माळव्यातून यशवंतराव होळकर पुण्यावर चालून गेले, २५ ऑक्टोबरला हडपसरची लढाई झाली आणि वर्षअखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. शाळेत आपण ह्या दोन्ही घटना तारीखवार शिकवितो. त्याच वर्षी त्याच प्रदेशात देवीची लस आली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मराठी सत्तेचा अस्त सोळा वर्षांत पुरा झाला. देवीचा अंत व्हावयास मात्र १९७५ चा मे महिना उजाडावा लागला, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. लस हाती असूनही भारताला १७३ वर्षे लागली. ह्याचा अर्थ असा की, लस सापडणे हा प्रवासाचा एक टप्पा आहे. ती टिकविणे, वाहून नेणे, लोकांचा विश्वास मिळविणे आणि शेवटच्या वस्तीपर्यंत पोचविणे हे टप्पे तिच्या मागून येतात व तेही तितकेच खडतर असतात.

विषाणूची ओळख त्या मानाने पुष्कळ उशिरा झाली. १८९२ मध्ये इव्हानोव्हस्की आणि १८९८ मध्ये बायजरिंक ह्यांनी तंबाखूच्या पानांवरील रोगाचा अभ्यास करताना, जंतूंना अडविणाऱ्या गाळण्यांतूनही पार जाणारे काही तरी रोगकारक द्रव्य असते, असे दाखविले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ विष असाच आहे, आणि मराठीतील 'विषाणू' हा शब्द त्या अर्थाला धरून बनलेला आहे. विषाणू स्वतंत्रपणे वाढत नाही. जिवंत पेशीत शिरून, तिच्याच यंत्रणेकडून तो आपल्या प्रती काढून घेतो. म्हणून त्याच्या अभ्यासाला जिवंत पेशी, प्राणी, अतिशीत साठवण आणि अत्यंत चिकाटीची माणसे लागतात.

अशा माणसांची एक संस्था १९५२ मध्ये पुण्यात उभी राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांनी मिळून स्थापन केलेले हे विषाणू संशोधन केंद्र. १९६७ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाचे साहाय्य थांबले, आणि १९७८ मध्ये केंद्राचे नामांतर राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे झाले. केंद्राचे आरंभीचे काम मोठे सूचक आहे. स्मिथबर्न, केर आणि गटणे ह्यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील लोकांच्या रक्तरसाचे नमुने तपासले. एखाद्या विषाणूशी शरीराची गाठ पडली असेल, तर त्याच्या विरोधी द्रव्ये रक्तात पुढे बराच काळ राहतात. रक्त ही जणू शरीराची बखरच. ह्या बखरी वाचून त्यांनी १९५४ मध्ये दाखविले की, ज्यांचे नावही येथे कोणी घेत नव्हते अशा काही विषाणूंशी भारतीय माणसांचा पूर्वीच संबंध येऊन गेलेला आहे.

ह्या केंद्राची खरी कसोटी १९५७ मध्ये लागली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात, माकडे मरून पडू लागली आणि जवळपासच्या गावांतील माणसे तीव्र तापाने आजारी होऊ लागली. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी प्रथम धास्ती वाटली. टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू वेगळा केला तेव्हा तो निराळाच निघाला. गोचिडांच्या चाव्यातून पसरणारा हा विषाणू विज्ञानाला नवा होता. आज कोकणातील लोक त्या रोगाला माकडताप म्हणतात, कारण २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात तो येऊन पोचला.

माकडतापाच्या लशीची हकिकत प्रस्तुत विषयास फार उपयोगी आहे. प्रथम त्याच कुळातील एका रशियन रोगावरची तयार लस वापरून पाहण्यात आली. तिने संरक्षण मिळाले नाही. मग मनशारमाणी, दंडवते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात कोंबडीच्या गर्भातील पेशींवर विषाणू वाढवून, तो फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून लस बनविली. ती मोठ्या प्रमाणावर लोकांना मिळू लागली १९९० च्या सुमारास, म्हणजे विषाणूचा शोध लागल्यानंतर तेहतीस वर्षांनी. पुढे २००५ ते २०१० ह्या काळातील अनुभव तपासला असता, दोन मात्रा घेतलेल्यांत तिची परिणामकारकता सुमारे ६२ टक्के, आणि त्यावर पूरक मात्रा घेतलेल्यांत सुमारे ८३ टक्के आढळली. नंतर तिचे सामर्थ्य उणावत गेल्याचे दिसून आले आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला. देवीच्या लशीने रोग संपविला, तर येथे रोग उरला आणि लस संपली. लस ही एकदा मिळाली की कायमची मिळाली, अशी वस्तू नाही. विहिरीप्रमाणे तिचाही उपसा व डागडुजी सतत करावी लागते.

आता मुख्य कथेकडे येऊ. १९६५ मध्ये नागपूर भागात डेंग्यू आणि चिकनगुन्या ह्यांची साथ पसरली होती. पुण्याच्या केंद्रातील संशोधक रुग्णांच्या रक्ताचे नमुने गोळा करून तपासत होते. त्यांतील दोन रुग्णांच्या रक्तातून पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज ह्यांना एक असा विषाणू मिळाला की जो डेंग्यूचाही नव्हता आणि चिकनगुन्याचाही नव्हता. १९६७ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ज्या ठिकाणी तो आढळला त्यावरून त्याचे नाव 'चांदीपुरा' ठेवले. हा विषाणू अलर्क, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणाऱ्या रोगाच्या विषाणूच्या कुळातला. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचाही आकार बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो. १९७० मध्ये धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष ह्यांनी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील वाळूमाशीच्या शरीरातून हाच विषाणू मिळविल्याचे प्रसिद्ध केले, आणि तो माणसापर्यंत कसा पोचत असावा ह्याचा धागा हाती आला. डासाहूनही लहान असलेली ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते आणि बहुधा रात्री चावते.

अशा प्रकारे पाच वर्षांच्या आत विषाणूचे नाव, कूळ आणि वाहक अशा तिन्ही गोष्टी कळल्या होत्या. परंतु ज्या दोन प्रौढ रुग्णांत तो सापडला, त्यांना केवळ ताप आला होता. प्राणघातक रोगांच्या गर्दीत ह्या विषाणूकडे फारसे लक्ष जावे असे काही कारण दिसत नव्हते. १९८० मध्ये, तत्कालीन मध्यप्रदेशात, मेंदूच्या तीव्र विकाराने आजारी झालेल्या एका रुग्णात तो पुन्हा मिळाला. रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती नोंद प्रसिद्ध केली. आपल्याच राज्यात मिळालेला हा इशारा होता. एका नोंदीवरून साथीचे भाकीत करता येत नाही हे खरे; पण ती नोंद व्यवस्थित लिहून ठेवलेली होती म्हणूनच पुढे ओळख पटविणे शक्य झाले, हेही तितकेच खरे.

ती वेळ २००३ मध्ये आली. जून ते ऑगस्ट ह्या तीन महिन्यांत तेव्हाच्या आंध्र प्रदेशात लहान मुले अकस्मात आजारी पडू लागली. तीव्र ताप, उलट्या, आकडी, बेशुद्धी, आणि पुष्कळदा अठ्ठेचाळीस तासांच्या आत मृत्यू, असा तो क्रम होता. पुण्याच्या संस्थेने ३२९ मुलांची नोंद केली. त्यांपैकी १८३ दगावली. बी. एल. राव, विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुने तपासले तेव्हा, अडतीस वर्षांपूर्वी निरुपद्रवी वाटलेला चांदीपुराच समोर आला. हा निष्कर्ष सर्वांनी लगेच मान्य केला असे मात्र नाही. काही डॉक्टरांचे म्हणणे असे होते की, मुलांच्या मेंदूवरील आघात हा रक्तवाहिन्यांच्या विकारासारखा दिसतो आणि विषाणूचा संबंध पुरता सिद्ध झालेला नाही. असे मतभेद विज्ञानाला हानिकारक नसतात. त्यांच्यामुळे पुढील प्रत्येक साथीत अधिक काटेकोर तपासणी झाली, आणि विषाणूचा हात पुनःपुन्हा दिसत गेला.

दुसऱ्याच वर्षी, २००४ मध्ये, गुजरातच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत साथ आली. तीत सुमारे ७८ टक्के रुग्ण दगावले. २००७ मध्ये ती नागपूर विभागात, म्हणजे विषाणूच्या नावाच्या मुलखात, परत आली. आणि २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत गेल्या वीस वर्षांतील सर्वांत मोठी साथ उद्भवली. जूनच्या प्रारंभापासून १५ ऑगस्टपर्यंत मेंदुज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी ८२ मृत्यू पावले, आणि ६४ जणांत चांदीपुराचा विषाणू निश्चितपणे आढळला. राजस्थान व मध्यप्रदेश ह्या शेजारी राज्यांतील काही रुग्णही तेथील रुग्णालयांत आले होते.

येथे हा विषय आपल्या दाराशी येतो. धार, अलीराजपूर आणि झाबुआ ह्या भागांतील किती तरी आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि पेरणीच्या वेळी, पावसाच्या तोंडावर, गावी परततात. साथीचा हंगाम तोच, आणि शाळा उघडण्याचे दिवसही तेच. ज्या घरांच्या भिंती मातीच्या आहेत, ज्या घरांत माणसे व गुरे एकाच छपराखाली राहतात, तीच घरे वाळूमाशीची आवडती आहेत. आमच्यासारख्या शिक्षकांच्या हजेरीपटावर जी नावे पहिल्या आठवड्यात सर्वांत विरळ उपस्थितीची असतात, ती बहुधा ह्याच घरांतील मुलांची असतात.

मग स्वाभाविक प्रश्न असा की, १९६५ पासून ज्ञात असलेल्या विषाणूवर २०२४ च्या साथीच्या वेळीही लस का नव्हती? आमच्या शास्त्रज्ञांनी प्रयत्न केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०११ मध्ये पुण्याच्या संस्थेतील जाडी, सुदीप, अरणकल्ले आणि मिश्रा ह्या संशोधकांनी निष्क्रिय विषाणूपासून बनविलेल्या एका संभाव्य लशीचे वृत्त प्रसिद्ध केले. उंदरांवर ती उपयोगी ठरली होती. परंतु उंदीर आणि माणूस ह्यांमधील वाट लांब व खर्चाची आहे.

ह्या वाटेवरील अडचणी समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली अडचण रोगाच्या गतीची. अलर्क रोगाचा विषाणू चांदीपुराचाच भाऊबंद, पण तो दंशापासून मेंदूपर्यंत पोचावयास बहुधा आठवडे घेतो. म्हणून कुत्रा चावल्यानंतरही लस टोचून रुग्ण वाचविता येतो. चांदीपुरा एकदा प्रकट झाला की सवड देत नाही. आजाराची चाहूल लागल्यावर टोचून उपयोग नाही; हंगामापूर्वीच सर्व मुलांना टोचले पाहिजे. दुसरी अडचण संख्येची. समजा, एका लाख मुलांमागे एका हंगामात दहाच मुले आजारी पडत असतील, तर लशीमुळे ती संख्या कमी झाली की योगायोगाने, हे ठरविण्यासाठी लक्षावधी मुलांवर चाचणी घ्यावी लागेल. शिवाय पुढील साथ कोणत्या जिल्ह्यात येणार हे आधी माहीत नसते. तिसरी अडचण खर्चाची. ज्या रोगाने दर काही वर्षांनी, दूरच्या खेड्यांतील, गरिबांची काही शे मुले दगावतात, त्याच्या लशीला बाजारात गिऱ्हाईक नाही. पहिल्या दोन अडचणी निसर्गाने घातलेल्या आहेत. तिसरी मात्र आपण, समाज म्हणून, स्वतःच घातलेली आहे.

ह्या विधानाचा पुरावा २०२० साली सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात कोरोनाचा भारतातील पहिला रुग्ण नोंदला गेला. त्याच्या निदानाचे काम पुण्याच्या ह्याच संस्थेत झाले. संस्थेची अतिसुरक्षित प्रयोगशाळा २०१२ मध्ये राष्ट्रार्पण झालेली होती, आणि तेथील डॉ. प्रज्ञा यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्पूर्वी २०११ मध्ये गुजरातेतील क्रिमियन-काँगो ज्वर, २०१८ मध्ये केरळातील निपाह अशा नव्या, प्राणघातक विषाणूंवर काम करून आपला हात बसविलेला होता. विषाणू प्रयोगशाळेत वाढविण्यात आला, त्याचा नमुना हैदराबादच्या भारत बायोटेक ह्या कंपनीस देण्यात आला, हॅमस्टर आणि माकडे ह्यांच्यावर परीक्षा झाल्या, आणि ३ जानेवारी २०२१ रोजी 'कोव्हॅक्सिन' ह्या लशीला आणीबाणीच्या वापरासाठी अनुमती मिळाली. तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष येण्यापूर्वीच अनुमती दिली, म्हणून त्या वेळी टीका झाली, आणि ती टीका गैरवाजवी नव्हती. पुढे सुमारे २५,८०० लोकांवरील त्या चाचणीत लशीची परिणामकारकता ७७.८ टक्के आढळली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तिला मान्यता दिली. निष्क्रिय विषाणूपासून लस बनविण्याची ही पद्धती माकडतापाच्या लशीहून तत्त्वतः वेगळी नव्हती. तरीही जे काम एकदा तेहतीस वर्षांत झाले, ते ह्या वेळी एका वर्षाच्या आत झाले.

ह्यात साधनांच्या सुधारणेचा वाटा मोठा आहे, हे नाकारता येणार नाही. पण साधने तर चांदीपुराच्या बाबतीतही तीच होती. फरक इतकाच की कोरोनाने राजधान्या बंद पाडल्या, आणि चांदीपुराने फक्त काही पाडे उजाड केले. साथ श्रीमंताच्या घरात शिरली की वर्षाचे काम महिन्यात होते. गरिबाच्या घरापुरती राहिली की महिन्याचे काम दशकांवर जाते. नाव आणि लस ह्यांमधील अंतर केवळ बुद्धीने तोडले जात नाही. ते तोडण्याची इच्छा असावी लागते.

तथापि ह्या सर्व इतिहासात आशेला आधार देणारी एक गोष्ट आहे, आणि शिक्षक व संशोधक ह्यांना ती विशेष जवळची वाटावी. जपानी मेंदुज्वराच्या भारतीय लशीला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यासाठी वापरलेला विषाणू पुण्याच्या संस्थेने १९८० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत कर्नाटकातील कोलार येथील रुग्णाकडून मिळवून जतन केलेला होता. ज्यांनी तो नमुना त्या वेळी बाटलीवर चिठ्ठी लावून, वहीत नोंद करून, शीतगृहात ठेवला, त्यांना तीस वर्षांनी त्याचे काय होणार हे ठाऊक असणे शक्य नव्हते. भट्ट आणि रॉड्रिग्ज ह्यांनाही आपण दोन तापकऱ्यांच्या रक्तात काय पाहत आहोत ह्याची पुरती कल्पना नव्हती. त्यांनी जे पाहिले ते नीट लिहून ठेवले, एवढेच त्यांचे कर्तव्य होते आणि ते त्यांनी चोख बजावले. आपल्या दप्तरखान्यांत बसून जुन्या कागदांचे वाचन करणाऱ्या अभ्यासकाला ह्या कामाची किंमत कोणी समजावून सांगावी असे नाही.

लस येईपर्यंत काय करावयाचे, हा प्रश्न व्यावहारिक आहे आणि त्याचे उत्तरही साधे आहे. भिंतींच्या भेगा लिंपणे, गोठा निजण्याच्या जागेपासून दूर ठेवणे, फवारणी करू देणे, बारीक जाळीची मच्छरदाणी वापरणे, आणि पावसाच्या प्रारंभी एखाद्या मुलास अकस्मात तीव्र ताप येऊन आकडी आली तर रात्र उलटू न देता त्यास रुग्णालयात नेणे. ह्या विषाणूला मारणारे औषध नसले, तरी आकडी आवरणे, श्वास चालू ठेवणे आणि मेंदूवरील सूज कमी करणे ह्यांनी प्राण वाचू शकतात. हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची आवश्यकता नाही. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या पालकसभेत, मराठीत, हिंदीत, माळवीत आणि भिलीत कोणीही शिक्षक ते सांगू शकेल. एखादे मूल दोन दिवस आले नाही, तर कोणाला तरी त्याच्या घरी धाडून चौकशी करणे, हीसुद्धा एक प्रकारची नोंदच आहे, आणि ह्या रोगात दोन दिवस फार मोठे असतात.

आपल्या पूर्वजांनी रोगाला देवी म्हटले आणि तिला शांत करण्यासाठी थंड अन्नाचा नैवेद्य दाखविला. त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते. आपल्याजवळ विषाणूचे नाव आहे, त्याचे कूळ आहे, त्याचा वाहक कोणता हे ज्ञान आहे, आणि उंदरांवर यशस्वी ठरलेली लसही आहे. चांदीपुराच्या शोधाला २०२५ मध्ये साठ वर्षे पूर्ण झाली. एवढे सर्व हाताशी असून आणखी एखादा पावसाळा तशीच मुले दगावू लागली, तर त्याचा दोष देवीवर टाकता येणार नाही.